निवड कोणाची, सक्ती कोणावर?

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांत दुरुस्ती केली. ज्या विनाअनुदानित खाजगी शाळेच्या एक किलोमीटर परिसरात सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तिच्यावर वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी २५ टक्के जागा राखण्याचे बंधन उरले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ही दुरुस्ती रद्द ठरविली. पुढल्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावरील अपील फेटाळले.

सार्वजनिक शाळांचा कैवार घेणाऱ्याला ही दुरुस्ती प्रथमदर्शनी गोडच वाटावी. खाजगी संस्थांना तिजोरीतून पैसा देण्यापेक्षा तो जिल्हा परिषदेच्या शाळेला का देऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. परंतु दुरुस्तीचा रोख तिकडे नव्हताच. तिची सक्ती फक्त गरिबाच्या मुलावर होती. अलिबागच्या बंगलेवाल्याचे मूल गावच्या शाळेत बसविण्याचे धाडस तिच्यात नव्हते. कोठारी आयोगाने १९६६ साली सुचविलेली परिसर शाळा सर्व थरांतील मुलांची होती. तिचे हे निव्वळ विडंबन होय.

तथापि २५ टक्क्यांनाच समता समजणे भाबडेपणाचे ठरेल. उरण-अलिबागसारख्या शहरांलगत सोडतीत नाव लागू शकते. मुरूड-श्रीवर्धनच्या खाडीकाठच्या वाडीत निवडायला दुसरी शाळा आहे कोठे? आणि दिवाळीनंतर वीटभट्टीची वा कोळशाच्या भट्टीची वाट धरणाऱ्या कातकरी कुटुंबाने ऑनलाइन अर्जाच्या नकाशावर आपले घर म्हणून कोणती जागा दाखवावी?

त्याच्यापाशी आहे ती जिल्हा परिषदेची शाळा, आणि तीच आज धोक्यात आहे. पट कमी म्हणून शिक्षक कमी. शिक्षक कमी म्हणून एका खोलीत चार इयत्ता. ते पाहून ऐपतदार पालक मूल काढून नेतो आणि पट आणखी घसरतो. २०२३ मध्ये शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागविले. कागदावर दोन किलोमीटर दिसणारे अंतर भर पावसात, खाडी ओलांडून, सहा वर्षांच्या पोरीला किती पडते, याचा विचार त्या हिशेबात कुठेच नाही.

तेव्हा सोडतीचे अर्ज भरून देणे हे कार्यकर्त्यांचे काम खरेच, पण अर्धेच. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे कायदा सांगतो. ही समिती किती वाड्यांत प्रत्यक्ष बसते, हे तालुका शाखांनी येत्या जूनपूर्वी पाहून घ्यावे.