जुनी गाडी घेताना

विश्रामबागेतील एका तरुण कामगारापुढे दोन जुन्या गाड्या आहेत : स्प्लेंडर आणि बुलेट ३५०. घरचे म्हणतात स्प्लेंडर घे, मित्र म्हणतात बुलेट. त्याने आम्हांस विचारले.

बुलेटचा रुबाब आम्हांसही कळतो. आपल्या पोराने तिच्यावर ताठ बसावे, यात गैर काहीच नाही. पण आधी हिशेब मांडू. रोजची ये-जा ३० कि.मी., महिन्याच्या २६ हजेऱ्या, म्हणजे ७८० कि.मी. स्प्लेंडरने लिटरला ६० दिले तर १३ लिटर लागेल. बुलेटने ३५ दिले तर सुमारे २२. पेट्रोल १०० रुपये धरले तरी वर्षाला १०,८०० रुपयांचा फरक. एवढ्यात धाकट्या भावंडांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो. शिवाय बुलेट वजनाला दीडपटीहून जड. घरातील बहिणीला गाडी शिकायची तर स्प्लेंडरच सोपी. म्हणून आमचे मत स्प्लेंडरला.

गाडी कोणतीही घ्या, कागद आधी पाहा. आर.सी.वर कर्जाचा बोजा आहे का? चेसिस नंबर जुळतो का? विमा चालू आहे का? १५ वर्षांच्या नोंदणीतील किती वर्षे उरली? व्यवहार झाल्यावर ३० दिवसांत आर.टी.ओ.कडे नाव बदलण्याचा अर्ज करा. विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. नोंदणीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. नुसत्या स्टॅम्पपेपरवर सही झाली म्हणजे गाडी आपली झाली, असे समजू नका. नाव चढेल तेव्हाच ती आपली.