मदतीचा हिशेब कोणाला द्यायचा?

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी परदेशांना दिली जाणारी मदत नव्वद दिवसांसाठी स्थगित केली, आणि पुढच्या काही आठवड्यांत कल्याण, पुणे व हैदराबाद येथील ‘मित्र’ या नावाच्या तीन क्लिनिकांचे काम थांबले. ही क्लिनिके तृतीयपंथी व्यक्तींसाठी होती. एचआयव्हीची तपासणी, संप्रेरकोपचारांविषयी सल्ला, मानसिक आरोग्य, अशी त्यांची कामे. पैसा यूएसएड या अमेरिकी संस्थेचा होता आणि १ जुलै २०२५ला ती संस्थाच बंद करण्यात आली. हैदराबादचे केंद्र पुढे टाटा ट्रस्ट्सच्या साह्याने दुसऱ्या नावाने उघडले. वाशीहून कल्याण काही फार दूर नाही. तरीही आमच्या नवी मुंबईत, महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये आणि साहित्यिक मंडळींच्या बैठकांत, या प्रकरणावर जे बोलले गेले त्यात कल्याण जवळजवळ नव्हतेच. बोलले गेले ते भारताच्या स्वाभिमानाविषयी, नाहीतर अमेरिकेच्या काळजाविषयी.

स्वाभिमानी पक्षाचे म्हणणे वाचकांना पाठ असेल. भारत आता देणारा देश आहे, घेणारा नव्हे. २००४च्या त्सुनामीनंतर आपण परकीय सरकारांची मदत नाकारली आणि उलट श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियाकडे नौदलाची जहाजे धाडली. मग कोण्या परक्याने हात आखडता घेतला तर रडायचे कशाला? या म्हणण्याला फेब्रुवारी २०२५मध्ये भारतीय मतदानासाठी म्हणून सांगितल्या गेलेल्या २.१ कोटी डॉलरच्या आरोपाची फोडणी मिळाली. ती रक्कम बांगलादेशासाठी होती हे वृत्तपत्रीय शोधातून पुढे आले, पण तोवर फोडणीचा वास घरभर पसरलेला होता. दुसरा पक्ष करुणेचा. त्याच्यापाशी आकडे आहेत आणि ते खोटे नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीतील २०२४च्या मानवतावादी मदतीपैकी सुमारे ४० टक्के वाटा एकट्या अमेरिकेचा होता. तिच्यापाठोपाठ ब्रिटननेही आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून २०२७पर्यंत ०.३ टक्क्यावर आणण्याचे जाहीर केले. श्रीमंत देशांनी ०.७ टक्के द्यावेत हा संयुक्त राष्ट्रांचा ठराव १९७०चा आहे.

आम्ही या दोन्ही पक्षांच्या विरोधात लिहीत आहोत. कपात निर्दय होती याविषयी आमच्या मनात शंका नाही. चालू असलेले औषध मध्येच तोडणे याला धोरण म्हणत नाहीत. आणि स्वाभिमानाचा आनंद ज्यांनी व्यक्त केला त्यांच्यापैकी कोणालाही त्या क्लिनिकची पायरी चढावी लागत नव्हती, हेही नोंदवून ठेवतो. पण दोन्ही पक्ष दात्याच्याच चेहऱ्याकडे पाहत आहेत. त्याने द्यावे की देऊ नये, दिलेले फळास आले की वाया गेले, हे सारे प्रश्न देणाऱ्याच्या बाजूचे. ज्याला मिळाले त्याने कोणाच्या दारात जाऊन जाब विचारायचा, हा प्रश्न वादात येतच नाही. आमच्या मते मदतीच्या परिणामकारकतेची खरी कसोटी तिथे आहे, आणि ती लावण्याइतका अनुभव महाराष्ट्रापाशी आहे.

आपण भाषेची माणसे, तेव्हा आधी शब्द पाहू. शासकीय मराठीत मदत घेणाऱ्याला ‘लाभार्थी’ म्हणतात. विद्यार्थी, शरणार्थी, लाभार्थी: अर्थी म्हणजे इच्छा धरून आलेला, याचक. या शब्दाने माणूस एका क्षणात अर्जदार होतो आणि ज्या कायद्याने किंवा कराने ती रक्कम उभी राहिली तो दृष्टीआड जातो. उलट गावगाड्याच्या मराठीत ‘हक्क’ हा शब्द होता. बलुतेदाराचे बलुते हा त्याचा हक्क होता, पण महारकीतला हक्क कसा मिळे? सांजेला दारोदार फिरून, वाकून, शिळ्या भाकरीच्या रूपाने. नावाला हक्क आणि रीतीने भीक. डॉ. आंबेडकरांनी १९२८मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधीचे विधेयक मांडले ते याच व्यवस्थेविरुद्ध. काम करायचे तर त्याचे ठरलेले रोख वेतन हवे, अशी ती दिशा होती. दलित साहित्य शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी मदतीच्या वादात देण्याची रीत हा गौण मुद्दा मानू नये.

आता परकीय मदतीचा आपला सर्वांत मोठा अनुभव. अमेरिकेचा पीएल-४८० हा कायदा १९५४चा, आणि त्याच्या हेतूंमध्ये तिथल्या शेतकऱ्याच्या अतिरिक्त धान्याला गिऱ्हाईक मिळवून देणे हा हेतू उघडपणे होता. भारत त्या गव्हाचे पैसे देत असे, फक्त रुपयांत. ते रुपये अमेरिकेच्या नावे भारतातच साठत गेले. फेब्रुवारी १९७४मध्ये राजदूत मॉयनिहन यांनी त्यातले १,६६४ कोटी रुपये एका धनादेशाने भारताला परत केले. म्हणजे ज्याला आपण भीक समजून लाजलो तो बऱ्याच अंशी सवलतीचा व्यापार होता. लाजिरवाणे होते ते वेगळेच. १९६५-६६च्या अवर्षणाच्या काळात अध्यक्ष जॉन्सन यांनी धान्य थोड्याथोड्या हप्त्यांत सोडायला सुरुवात केली. पुढचा हप्ता आपले शेतीधोरण आणि व्हिएतनामविषयीची आपली वक्तव्ये पाहून सुटे. १९६६मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य आयात करणाऱ्या देशाला तेव्हा तक्रारीसाठी कोणतीही जागा नव्हती, कारण करारात घेणाऱ्याचा हक्क असे काही लिहिलेलेच नव्हते. (पुण्यात १९५०च्या दशकाच्या मध्यास नोंदले गेलेले गाजर गवत याच गव्हाबरोबर आले अशी समजूत आहे आणि त्याला लोकांनी ‘काँग्रेस गवत’ हे नाव दिले. लोकभाषा हिशेब ठेवते, कधीकधी चुकीच्या खात्यावर.)

१९७२च्या दुष्काळाची आठवण निघाली की जुन्या घरांत मिलोचे नाव येतेच. अमेरिकेत गुरांना घालतात ती लाल ज्वारी रेशनवर आली आणि लोकांनी नाके मुरडत खाल्ली. पण त्या वर्षी महाराष्ट्र वाचला तो मिलोमुळे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मे १९७३मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, रस्ते, बंडिंग, खडी फोडणे. कामावर सुकडी मिळे, मजुरी मिळे, आणि ती वेळेवर मिळाली नाही की मोर्चे निघत, घेराव पडत. या मोर्चांकडे पुष्कळ अभ्यासकांनी केवळ असंतोष म्हणून पाहिले. आम्हांला त्यांत मदतीच्या प्रश्नाचे उत्तर दिसते. खडी फोडणारी बाई तहसीलदाराला हजेरीपट दाखवायला सांगू शकत होती. जहाजातून आलेल्या धान्याबद्दल तिने कोणाला विचारायचे?

पुढे त्या दुष्काळी कामांचा कायदा झाला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२पासून राज्यभर होती. तिचा अधिनियम १९७७चा आणि अंमल २६ जानेवारी १९७९चा. काम मागितल्यावर ते ठरलेल्या मुदतीत द्यायचे, न दिल्यास बेकारी भत्ता. पैशासाठी १९७५मध्ये व्यवसाय कर आला. आजही बेलापूर, वाशी, ऐरोलीच्या कचेऱ्यांतील बहुतेक नोकरदारांच्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, वर्षाला २,५००. आमच्याही पगारपत्रकावर ती ओळ आहे. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी भागातल्या मजुराच्या कामासाठी हा कर द्यायचा, असा तो करार होता. त्यात कोणी कोणाचे आभार मानायचे नव्हते.

ही योजना निष्कलंक होती असे आम्ही म्हणत नाही. खोटे हजेरीपट, अर्धवट सोडलेली कामे, महिनोन्‌महिने थकलेली मजुरी, हे सारे झाले. १९८८मध्ये मजुरीचे दर वाढवावे लागल्यावर कामे उघडण्यातच हात आखडला गेला. पण ही लबाडी उघडकीस आली ती मजुरांच्या संघटना, वर्तमानपत्रे आणि विधिमंडळ यांच्यापाशी कायद्याची प्रत होती म्हणून. २००५च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने हाच वारसा घेतला. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने त्याच्या जागी दुसरा कायदा संमत केला. त्यात दिवस १०० ऐवजी १२५ आहेत, मात्र कोणत्या राज्याला किती पैसा हे केंद्र आधी ठरवणार आणि त्यापलीकडचा भार राज्याने सोसायचा. मागणीतून निघणारा खर्च आणि वरून ठरलेले वाटप यांतला फरक ज्यांना किरकोळ वाटतो त्यांनी जॉन्सनसाहेबांचे हप्ते आठवावेत. देशी सरकारही तसे हप्ते बांधू शकते.

म्हणजे परका पैसा वाईट आणि आपला चांगला, असे आमचे म्हणणे आहे का? नाही, आणि किल्लारी त्याची साक्ष आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर आठ हजारांच्या आसपास माणसे ढिगाऱ्याखाली मेली. पुनर्वसनाला जागतिक बँकेचे कर्ज मिळाले. त्याच एका कार्यक्रमात दोन अगदी निराळ्या रीती होत्या. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. तिथे घराचा आकार जमिनीवर ठरला: भूमिहीन ते एक हेक्टरवाल्यास २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. घरात माणसे किती हे कोणी विचारले नाही. भूकंपाने काही क्षणांपुरती सपाट केलेली उतरंड मदतीच्या नकाशाने पुन्हा उभी केली, तीही सिमेंटात. आळी, बोळ, पार, ओसरी यांच्या जागी रुंद सरळ रस्ते आले आणि भावकीचे शेजार तुटले.

ज्या गावांची घरे दुरुस्त होण्याजोगी होती तिथे मात्र पैसा हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती दिला गेला, गवंडी त्याने निवडला, आणि गावोगावी नेमलेल्या संवाद साहाय्यकांनी, त्यांत बायका पुष्कळ, हप्ता कुठे अडला याची चौकशी केली. या रीतीने लाखाहून अधिक घरे दुरुस्त झाली. कर्ज तेच, सरकार तेच, अधिकारीही बहुधा तेच. जिथे माणसाच्या हाती प्रश्न विचारण्याची सोय आली तिथे काम वेगळे झाले. परिणामकारकतेच्या जागतिक चर्चेत दर डॉलरमागे किती घरे याचे कोष्टक मांडतात. त्यात हा फरक मावत नाही.

आता वर्तमानाकडे. २०२०च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणग्यांचा कायदा इतका आवळला गेला आहे की पैसा दिल्लीतल्या एकाच बँकशाखेत उतरला पाहिजे, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत हवा आणि एका संस्थेला दुसरीस तो देता येत नाही. मोठ्या शहरातली संस्था परदेशी निधी आणी आणि आडगावची छोटी संस्था त्यावर काम करी, ती साखळी त्यामुळे तुटली. कारण दिले जाते पारदर्शकतेचे. मग मे २०२५मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री साहाय्यता निधीला परदेशी देणग्या घेण्याची परवानगी मिळाली, आणि ती मिळवणारे हे पहिले राज्य ठरले. २०१८च्या पुरात केरळसाठी परदेशी सरकारांचा पैसा केंद्राने नाकारला होता, ही गोष्ट तिथले लोक विसरलेले नाहीत, आणि आपणही विसरू नये. स्वाभिमानाच्या पक्षाने या परवानगीवर मौन पाळले. सरकारच्या हाती आलेला डॉलर बहुधा स्वदेशी असतो.

परदेशातल्या मराठी माणसाने मराठवाड्यातल्या पूरग्रस्ताला पैसे पाठवावेत यात वावगे काहीच नाही, उलट ते व्हावेच. आक्षेप निधीच्या रीतीला आहे. हा निधी मुख्यमंत्र्यांच्या विवेकाधीन आहे. त्यातून कोणाला किती मिळावे याचा कोणाला हक्क नाही, अर्ज आहे. अमेरिकेच्या पोत्यांवर ‘अमेरिकन जनतेकडून’ असे छापलेले असे, याचा आपल्याला राग येई. सप्टेंबर २०२५च्या पुरात आपल्याच नेत्यांची छायाचित्रे मिरवणाऱ्या पिशव्यांतून शिधा वाटला गेला, तेव्हा ज्याच्या हातात पिशवी पडली त्याने तरी निराळे काय वाचले असेल?

साहाय्यता निधीत येणारा प्रत्येक परदेशी रुपया आणि त्यातून झालेला खर्च गावाच्या नावासह दर तिमाहीस प्रसिद्ध व्हावा, ती यादी ग्रामसभेत वाचली जावी, आणि तिच्यावरील हरकतीला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर मिळावे. नवे तंत्र त्यासाठी लागत नाही, रोजगार हमीच्या हजेरीपटाची शिस्त पुरेशी आहे. कल्याणच्या क्लिनिकसारखी कामे राज्याच्या आरोग्य अंदाजपत्रकात आपल्या नावाने यावीत, म्हणजे ती बंद पडली तर विधानसभेत प्रश्न विचारता येईल. आणि हे सगळे कागद मराठीत असावेत. किल्लारीवरचा जागतिक बँकेचा समारोप-अहवाल इंग्रजीत आहे.