कोयता उचलण्याआधी

कावीळ म्हटली की डोळे पिवळे, अशी आपली समजूत. ‘सी’ प्रकारची कावीळ मात्र वीस-वीस वर्षे काही न दाखवता आतून यकृत पोखरते. पूर्वी कधी रक्त भरले असेल, एकाच सुईने अनेकांना टोचणाऱ्याकडून इंजेक्शन घेतले असेल, जत्रेत गोंदले असेल, तर रक्त तपासून घ्याच.

हा रोग आता बरा होतो. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषध मोफत आहे. बहुतेकांना 12 आठवडे रोज गोळ्या. शंभरातले पंचाण्णव बरे होतात. पण गोळ्या संपल्यावर आणखी 12 आठवड्यांनी रक्त तपासले तरच रोग गेल्याचे पक्के कळते.

म्हणजे झाले साडेपाच महिने. आपल्या ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीच्या आगेमागे कारखान्याकडे निघतात. गोळ्या अर्ध्यावर सुटल्या तर केलेले पाण्यात. म्हणून टोळी गावी परतली की लगेच उपचार धरा. पुढच्या हंगामाआधी सगळे उरकते.

आणखी एक. विषाणू गेला म्हणजे यकृत नवे झाले असे नाही. ज्याला सिरोसिस झाला आहे, त्याला कॅन्सरचा धोका उरतोच. त्याने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, दारू कायमची सोडावी. लस नाही, रोग पुन्हाही लागू शकतो.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, आशाताई, मुकादम उचल वाटायला येण्याआधी तुम्ही दारोदार जा. बीडच्या जिल्हा रुग्णालयाची वाट दाखवा.