छापखान्याने घडवलेला चेहरा

येशूचे नाव निघाले की बहुतेक अमेरिकी माणसांच्या डोळ्यांपुढे जो चेहरा येतो, तो वॉर्नर सॉलमन या शिकागोच्या चित्रकाराचा आहे. जाहिरातींची चित्रे काढणाऱ्या सॉलमनने १९२४ मध्ये आपल्या पंथाच्या मासिकाच्या मुखपृष्ठासाठी कोळशाने येशूचे मस्तक रेखाटले आणि १९४० मध्ये त्याचे तैलचित्र केले. खांद्यावर रुळणारे तपकिरी केस, गोरा वर्ण, किंचित वर लागलेली नजर. दुसऱ्या महायुद्धात खिशात मावतील अशा त्याच्या प्रती सैनिकांना वाटल्या गेल्या. पुढे चर्च, रविवारच्या शाळा, इस्पितळे, घरांच्या भिंती अशा सगळीकडे ते चित्र लागले. त्याच्या ५० कोटींहून अधिक प्रती निघाल्याचे सांगतात. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीने आपल्या देवघरांत जी जागा मिळवली, तीच या चित्राने तिकडे मिळवली. चित्रकाराची कल्पना पुढच्या पिढीला साक्षात दर्शन वाटू लागली.

पवित्र शास्त्रात मात्र या चेहऱ्याला आधार नाही. येशू थकला, रडला, जेवला हे शुभवर्तमाने सांगतात. तो दिसायला कसा होता, याबद्दल ती गप्प आहेत. ही पोकळी भरायला मध्ययुगात एक पत्र पुढे आले. लेंटुलस नावाच्या रोमन अधिकाऱ्याने येशूला पाहून ते लिहिले, असा दावा होता. ते बनावट असल्याचे पंधराव्या शतकातच दाखवून दिले गेले, तरी त्यातले मधोमध भांग पाडलेल्या केसांचे वर्णन चारशे वर्षांनंतरही अमेरिकेत श्रद्धेने वाचले जात होते.

येशूच्या सर्वांत जुन्या ज्ञात चित्रांपैकी एक आज अमेरिकेतच, येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहे. सीरियातल्या ड्युरा-युरोपोस इथे उत्खननात सापडलेल्या प्रार्थनागृहाच्या भिंतीवर इ. स. २३५ च्या सुमारास ते काढले गेले. त्यात पक्षाघाताच्या रुग्णाला बरे करणारा येशू तरुण आहे, त्याचे केस आखूड आहेत आणि त्याला दाढी नाही. लांब केस आणि दाढी रूढ झाली ती चौथ्या शतकापासून पुढे, ग्रीक-रोमन देवांच्या मूर्तींच्या वळणावर. न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांना तर येशूचे चित्र काढणे हीच मूर्तिपूजा वाटे. तिथे गोरा येशू घरोघरी पोचला तो एकोणिसाव्या शतकात, स्वस्त छपाई आणि धर्मप्रसाराच्या पुस्तिकांबरोबर. ज्या समाजात काळ्या माणसाची खरेदी-विक्री चालू होती, तिथे देवाचा पुत्र मालकाच्या रंगाचा असणे ही साधी कलात्मक आवड राहत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

त्याचा अर्थ अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये दिसला. १५ सप्टेंबर १९६३ च्या रविवारी गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांनी सोळाव्या रस्त्यावरच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्बस्फोट घडवला. त्यात चार कृष्णवर्णीय मुली मारल्या गेल्या. तिघी १४ वर्षांच्या, एक ११ वर्षांची. रंगीत काचेच्या एका खिडकीत मुलांना घेऊन चाललेला येशू होता. ती खिडकी बहुतांशी शाबूत राहिली, फक्त त्याचा चेहरा उडाला. ही बातमी वाचून वेल्समधल्या जॉन पेट्स या कलावंताने नवी खिडकी करून द्यायचे ठरवले. तिथल्या एका वृत्तपत्राने वर्गणी जमवली आणि कोणाही एकाने अर्ध्या क्राउनपेक्षा जास्त देऊ नये अशी अट घातली, म्हणजे ती भेट एखाद्या धनिकाची न राहता साऱ्या लोकांची होईल. १९६५ मध्ये खिडकी बसली. तिच्यातला येशू काळा आहे आणि त्याचे हात क्रुसावर असावेत तसे पसरलेले आहेत. एका हाताने तो द्वेष थोपवतो, दुसऱ्याने क्षमा देतो.

डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांना १९५७ मध्ये एका मासिकाच्या वाचकाने विचारले होते, देवाने येशूला गोरा का केले? येशूच्या कातडीच्या रंगाला फारसे महत्त्व नाही, असे त्यांचे उत्तर होते. दहा वर्षांनी, १९६७ च्या ईस्टरला, डेट्रॉइटमध्ये रेव्हरंड अल्बर्ट क्लेग यांनी आपल्या चर्चमध्ये कृष्णवर्णीय मरिया आणि बालकाचे भव्य चित्र लावले. तत्त्व म्हणून किंग यांचे उत्तर खरेच आहे. पण रंगाला महत्त्व नसते, तर भिंतीवर एकच रंग इतकी वर्षे टिकला नसता. इथे क्लेग यांचे पारडे जड वाटते.

रिचर्ड नीव्ह या ब्रिटिश तज्ज्ञाने २००१ मध्ये पहिल्या शतकातल्या एका ज्यू माणसाच्या कवटीवरून रुंद, सावळा, आखूड कुरळ्या केसांचा चेहरा घडवला आणि अमेरिकी मासिकांनी तो येशूचा म्हणून गाजवला. तो त्या काळच्या त्या प्रदेशातल्या सामान्य माणसाचा चेहरा आहे. गोऱ्या चित्राच्या जागी याला खरा म्हणून बसवणे ही पुन्हा तीच चूक ठरेल.

सॉलमनचे चित्र उतरवावे, असे आमचे म्हणणे नाही. कित्येकांनी मृत्युशय्येवर त्याच्याकडे पाहून धीर धरला आहे. मात्र रविवारच्या शाळेत ते एकटे असू नये. शेजारी ड्युराचा बिनदाढीचा तरुण असावा, बर्मिंगहॅमची खिडकी असावी, आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून मरियेला साडी नेसवणाऱ्या गोव्याच्या आंजेलो द फोन्सेका यांचे चित्रही असावे. हे प्रत्येक चित्र कोणी, कधी आणि कोणासाठी काढले, हे शिक्षकाने मुलांना नावानिशी सांगावे.