शिवसागराकाठी सायकलवाट : डोंगर न कापता जमेल का?

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर क्लुथा नदीच्या घळीतून जाणारी सुमारे ५५ किलोमीटरची सायकलवाट २०२१च्या मे महिन्यात खुली झाली. काही ठिकाणी ती चक्क कड्याला टांगली आहे. खाली निळे पाणी, वर उघडा खडक आणि मध्ये लाकडी फळ्यांवरून जाणारी सायकल. त्याचे रील्स सांगली-साताऱ्याच्या सायकल ग्रुपवर आले की कुणीतरी विचारतेच : आपल्या कोयनेला असे का नाही?

प्रश्न रास्त आहे, कारण दोन्हीकडची गोष्ट बरीच सारखी आहे. तिकडे क्लाइड धरणाने १९९०च्या दशकात घळ भरली आणि क्रॉमवेल गावाची जुनी बाजारपेठ पाण्याखाली गेली. इकडे कोयना धरणाने १९६०च्या दशकात १०५ टीएमसीचा शिवसागर उभा केला आणि त्याच्या पोटात गावेच्या गावे गेली. फरक एवढाच की तिकडच्या पर्यटनाचा पैसा त्याच खोऱ्यात फिरतो. इकडचे धरणग्रस्त मात्र अजूनही जमिनीसाठी कार्यालयांच्या पायऱ्या चढत आहेत.

मग तशीच वाट इथे बांधू या का?

नको. कारण भावनिक नाही, अभियांत्रिकीचे आहे.

क्लाइडच्या तलावाची पातळी वर्षभर जवळपास स्थिर असते, म्हणून पाण्यालगत कड्याला वाट टांगता येते. कोयनेचे पाणी पोफळीच्या बाजूला वळवून वीज तयार होते. चार टप्प्यांची क्षमता १,९०० मेगावॉटच्या वर आहे, आणि पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी सोडण्याची मुभा आहे. त्यामुळे ऑक्टोबरात काठोकाठ असलेला शिवसागर मे महिन्यात कित्येक मीटर खाली उतरतो. पाण्याच्या रेषेवर वाट बांधली, तर उन्हाळ्यात ती चिखलाच्या उघड्या उतारावर लोंबकळत राहील.

दुसरा मुद्दा पावसाचा. क्लुथाची ती घळ न्यूझीलंडच्या सर्वांत कोरड्या भागांत मोडते. आपल्या नवजाला एका मोसमात पाच हजार मिलिमीटरचा आकडा नवा नाही. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे रात्रीत डोंगर खाली आला आणि माणसे गाडली गेली. अशा उतारावर 'फक्त दोन मीटर रुंदीची' वाट कापणेही साधे काम नाही. उताराचा पायथा कापला की वरच्या मातीचा आधार जातो, आणि हे सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षात शिकवतात.

तिसरा मुद्दा पश्चिम काठाचा. वासोट्याकडचा तो काठ कोयना अभयारण्यात येतो, आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. सांगलीच्या बाजूने चांदोलीचेही तसेच. कोकरूड, चरण, आरळा, मणदूर हा वारणेकाठचा रस्ता सायकलला उत्तम आहे, पण उद्यानाचे फाटक आले की उतरायचे. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये ताडोब्याची वाघीण या जंगलात आणली गेली. तिला नवे घर ओळखू द्यायचे, की पेडल मारणाऱ्यांचे घोळके आत सोडायचे, यावर फार वाद होऊ नये.

तर काय जमेल?

क्लुथा नदीवरच, थोडे खाली, रॉक्सबर्ग घळीतली वाट २०१३ मध्ये सुरू झाली. तिच्या मधला सुमारे १२ किलोमीटरचा टप्पा कधी बांधलाच गेला नाही. तिथे सायकलस्वार सायकलसह बोटीत बसतात आणि पुढे उतरून पुन्हा पेडल मारतात. अपुरेपणाच तिथले आकर्षण झाला आहे.

आपल्याकडे हे सगळे आधीच आहे! सातारा, यवतेश्वर घाट, कास, बामणोली हा डांबरी रस्ता आहे. बामणोलीहून तापोळ्याला बोट जाते. कोयना, सोळशी आणि कांदाटी जिथे एकत्र येतात तिथे जीप नेणारा तराफा चालतो. जीप मावते तिथे सायकल मावणारच. पलीकडे कांदाटी खोऱ्यात गावरस्ते आहेत, त्यांवर दिवसाकाठी मोजकी वाहने. बांधायचे काही नाही, आखायचे आहे : दिशाफलक, पंक्चरचे सामान, बोटीत सायकल अडकवायला हूक आणि मुक्कामाच्या घरांची यादी.

गेल्या हिवाळ्यात मी कासहून बामणोलीला सायकलने उतरलो. कास सुमारे १,२०० मीटरवर, तलावाची पूर्ण पातळी ६५९ मीटर. उतरताना ब्रेक तापतात. परत चढताना मात्र स्वतःच्या निर्णयक्षमतेवर शंका येते. पण त्यामुळेच सायकलवाला त्याच दिवशी परतत नाही. तो थांबतो, पिठलं-भाकरी मागतो, दुसऱ्यांदा चहा घेतो. कारवाला कणसाच्या गाडीशी फोटो काढून संध्याकाळी पुण्यात असतो. खोऱ्यातल्या घरांना या दोघांपैकी कोण हवा, हे त्यांना विचारून पाहावे.

घाई कशाला?

कारण खोऱ्याचे भवितव्य आत्ताच ठरते आहे. 'नवीन महाबळेश्वर' गिरिस्थानासाठी राज्य रस्ते विकास महामंडळ नियोजन प्राधिकरण आहे आणि त्यात दोनशेहून जास्त गावे आहेत. मुनावळ्यात २०२४ मध्ये जलपर्यटन सुरू झाले. त्याच वर्षी कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणी गावची शेकडो एकर जमीन विकली गेल्याचे प्रकरण राज्यभर गाजले. रुंद रस्ता आधी आला की जमिनीचा भाव वाढतो, आणि भाव वाढला की तरुण मुंबईत असलेल्या घराला विकण्याचा मोह टाळणे अवघड. सायकलवाटेला रुंद रस्ता लागत नाही, उलट तो तिच्या मुळावर येतो.

म्हणून आराखड्यात ही वाट 'सुशोभीकरण' या सदरात शेवटी टाकू नये. बामणोली-तापोळा-कांदाटी हा मार्ग आधी कागदावर यावा, कोणत्या रस्त्यांचे रुंदीकरण होणार नाही हे त्याच कागदावर लिहावे, आणि मुक्कामाचे परवाने पहिली काही वर्षे फक्त त्या गावांच्या रहिवाशांना व धरणग्रस्त कुटुंबांना द्यावेत. जून ते सप्टेंबर वाट बंद. एका हिवाळ्यात एवढे करून पाहायला निविदा काढावी लागणार नाही. बहुधा अडचण तीच आहे.