अर्ज आला म्हणून घाबरू नका!

शेजाऱ्याचा कॅमेरा थेट आपल्या न्हाणीघराच्या दाराकडे वळलेला. सांगून झालं, भांडून झालं. वकिलाची फी झेपत नाही म्हणून एखादी बाई स्वतःच दावा लिहून कोर्टात उभी राहते. समोरचा वकील लगेच अर्ज देतो, 'दाव्याला कारणच नाही, नामंजूर करा.' बाईला वाटतं, संपलं सगळं!

मैत्रिणींनो, संपत नाही. हा अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश ७, नियम ११ चा. त्यावर निर्णय देताना कोर्ट आपला दावा आणि त्यासोबतचे कागदच बघतं, समोरच्याची कैफियत नाही. म्हणून कॅमेरा कधी लावला, त्यात काय दिसतं, आपला कोणता हक्क मोडला, हे दाव्यातच हवं. 'मला त्रास होतो' एवढ्यानं भागत नाही. कोर्ट फी कमी पडली तर ती भरायला मुदत मिळते. दावा नामंजूर झाला, तरी कायद्याची मुदत संपली नसेल तर त्याच कारणासाठी नवा दावा करता येतो.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली एकमतानं सांगितलं. पण तो मागणारी बाई कागदातल्या चुकीपायी दारातूनच परत गेली, तर काय उपयोग? वकील नसलेल्या बाईला आधी दुरुस्तीची संधी मिळालीच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आपणही एकटीनं का लढायचं? १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. दावा लिहिण्याआधीच तिथं जा. उशीर झाला असेल, तरी जा!