ॲसिड विकणाऱ्याकडे वही मागा

पुण्याच्या मांजरी बुद्रुकमधल्या गल्ल्यांतून सायकलवरच्या फेरीवाल्याची ‘ॲसिड, फिनेल’ अशी हाळी येते आणि आपण पाण्याची जुनी बाटली पुढे करतो. संडासाचे डाग जायला हवेत ना! बाटलीवर लेबल नाही, झाकण सैल आणि आतलं ॲसिड किती तीव्र आहे हे विकणाराही सांगू शकत नाही.

ही मोकाट विक्री थांबावी म्हणून दिल्लीच्या लक्ष्मी अगरवाल 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आदल्याच वर्षी त्यांच्या चेहऱ्यावर ॲसिड फेकलं गेलं होतं, आणि तेव्हा त्या शाळकरी वयाच्या होत्या. हल्लेखोराला शिक्षा होण्यावर त्यांनी समाधान मानलं नाही. चेहरा जाळणारी वस्तू वाण्याकडे मिळतेच कशी, असं त्यांनी विचारलं. त्या लढ्याचं खरं मोल मला या प्रश्नात दिसतं.

सात वर्षं गेली. 2 मे 2013 ला वांद्रे टर्मिनसवर, नौदलाच्या रुग्णालयात रुजू व्हायला आलेल्या एका तरुण परिचारिकेवर ॲसिड फेकलं गेलं. महिन्याभरात ती गेली. त्यानंतर 18 जुलैला लक्ष्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. लोढा यांच्या खंडपीठाचा आदेश आला. विक्रेत्याने नोंदवही ठेवायची, घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहायचा, सरकारी ओळखपत्र पाहायचं, कारण विचारायचं. अठरा वर्षांखालच्या कुणालाही द्यायचं नाही. साठा प्रांताधिकाऱ्यांकडे जाहीर केला नाही तर 50,000 रुपयांपर्यंत दंड. किती तीव्रतेचं ॲसिड विकता येईल तेही नियमांत यावं, हा विषयही त्या सुनावणीत होता.

विक्रीवरचं असं बंधन बांगलादेशात आधीच आलं होतं. तिथे हल्ल्यातून वाचलेल्या बायका आणि त्यांच्यासाठी 1999 मध्ये उभी राहिलेली संस्था यांच्या रेट्यामुळे 2002 मध्ये दोन कायदे झाले. एक गुन्ह्यासाठी, दुसरा ॲसिडच्या आयात-विक्रीवर परवान्याचं बंधन घालणारा. पुढच्या वर्षांत तिथले हल्ले खूप कमी झाले.

आपल्याकडे आदेश आहे, वही मात्र मी कुठल्या सायकलवर पाहिलेली नाही. त्या फेरीवाल्यावर सगळा राग काढणं मला अन्यायाचं वाटतं. त्याला कॅन भरून देणारा घाऊक व्यापारी प्रशासनाला सापडू शकतो. हवेलीच्या प्रांतांनी तिथून तपासणी सुरू करावी. मांजरीच्या सोसायट्यांनीही सफाईच्या ठेकेदाराला लेखी कळवावं, की सुटं ॲसिड आवारात येणार नाही. कंपनीचं लेबल आणि तीव्रता छापलेलं क्लीनरच चालेल.